पोराचा पंप, सासूबाईंचा खोकला आणि गल्लीतला धूर

पत्र

नमस्कार ताई, आम्ही पाच्छा पेठेच्या बाजूला राहतो. खाली मिस्टरांचे माग आहेत, टॉवेल निघतात, वरच्या मजल्यावर आम्ही. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीला. दिवाळीपासनं रात्री खोकतोय, झोपेतनं उठून बसतो, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. डॉक्टरांनी बालदमा सांगितला आणि दोन पंप दिले. महिनाभर दिले, बरं वाटलं म्हणून बंद केले, कारण सासूबाई म्हणतात, "आत्तापासनं पंप लावलं की जन्माची सवय लागतंय बघ." आता थंडी वाढली तसं परत सुरू झालंय. मोबाइलवर सोलापूरची हवा बघते तर बऱ्याचदा "मध्यम" दाखवतंय, मग मध्यम हवेत पोरगं का खोकतंय? गल्लीच्या तोंडाला पहाटे कचरा जाळतात, त्यात चिंध्या पण असतात. मिस्टर म्हणतात प्युरिफायर घेऊ, हप्त्यावर मिळतोय. पुण्याचा भाऊ म्हणतो सोलापूर सोडा आणि इकडं या. आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, पोरगं आत्तापासनं मागं लागलंय, न्यावं का नाही? सासूबाई दिवसभर बिड्या वळतात, खोकला त्यांनाही आहे दोन-तीन महिने पण तो वयाचा. काय करू सांगा.
एक आई, सोलापूर

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि सगळ्यात आधी पंपाचं बोलते, कारण बाकी हवा-बिवा नंतर, पोरगं रात्री उठून बसतंय हे आधी.

पंपाची सवय लागत नाही. हे सासूबाईंना सांगून पटणार नाही मला माहितीये, सोलापुरात काय आणि कुठं काय, घरोघरी हेच ऐकायला मिळतं, आणि गंमत म्हणजे हीच माणसं खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली पाजतात त्याला कोण काही म्हणत नाही. हिशोब असा बघा. श्वासनळी मोकळी करायचं जे साधं औषध असतं, साल्ब्युटामॉल, त्याची २ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २००० मायक्रोग्रॅम, ती पोटातनं रक्तात, रक्तातनं सगळ्या अंगात फिरून मग छातीत पोचते, म्हणून गोळीनं हात थरथरतात, धडधडतं. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं आणि ते थेट जिथं पाहिजे तिथं जातं. वीस पट कमी. आता सांगा जास्तीचं औषध कशात आहे.

दुसरं, तुम्हाला दोन पंप दिलेत म्हणजे बहुतेक एक त्रास झाल्यावर घ्यायचा आणि एक रोज घ्यायचा असणार. रोजचा जो असतो तो श्वासनळीच्या आतली सूज हळूहळू उतरवतो, त्यानं लगेच काही जाणवत नाही, आणि बरं वाटलं की लोक नेमका तोच बंद करतात. तुमचंही तेच झालंय. खोकला गेला म्हणून सूज गेली असं नसतं. डॉक्टरांकडं परत जा आणि चिठ्ठीवर मराठीत लिहून मागा की रोजचा कुठला, किती वेळा, किती महिने, आणि त्रासाचा कुठला. आणि स्पेसर दिलाय का? ती प्लास्टिकची नळकांडी असते, पंपाला लावायची. नऊ वर्षांच्या पोराला पंप दाबायचा आणि त्याच क्षणी श्वास ओढायचा हे जमत नाही, मोठ्यांनाही नीट जमत नाही, निम्मं औषध जिभेवर आणि घशात बसतं. स्पेसर काही शे रुपयांत येतो. तो घ्याच. रोजचा पंप झाला की खळखळून चूळ भरायला लावायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि मग घरात परत "बघ पंपानं झालं" सुरू होतं.

आणि हे फ्रीजवर चिकटवून ठेवा: श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत खेचली जातेय, पोराला एक वाक्य सलग बोलता येत नाहीये, ओठ निळसर दिसतायत किंवा त्रासाचा पंप देऊनही तीन-चार तासांच्या आत परत तसंच होतंय, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, १०८ ला फोन करायचा. तोपर्यंत काय द्यायचं, किती फवारे द्यायचे, तेही डॉक्टरांकडनं आधीच विचारून ठेवा.

आता तुमच्या "मध्यम" वर येते. हा प्रश्न भारी विचारलात. आपल्याकडं हवेचा जो आकडा दाखवतात त्यात ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक आणि १०१ ते २०० मध्यम. वाचताना वाटतं मध्यम म्हणजे चालतंय. पण केंद्रीय प्रदूषण मंडळाच्याच तक्त्यात मध्यमच्या पुढं स्पष्ट लिहिलंय की फुप्फुसाचा आजार, दमा, हृदयविकार असलेल्यांना या हवेत श्वासाचा त्रास होऊ शकतो. म्हणजे ज्यांच्यासाठी ती सूचना लिहिली त्यातलंच एक पोरगं तुमच्या घरात आहे. त्यात आपली मोजपट्टी पण ढिली. पीएम २.५ म्हणतात ते कण, केसाच्या जाडीच्या वीस-तीस पट बारीक, नाकातल्या केसाला आणि घशाला न जुमानता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथनं रक्तात, त्यामुळं हे नुसतं खोकल्याचं काम नाही, हार्ट अटॅक आणि लकव्याशीही त्याचा संबंध आहे. चोवीस तासांची आपली मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलेली १५. आपण पास झालो तरी तिथं नापास.

आणि अजून एक गोष्ट, तो आकडा तुमच्या गल्लीचा नाहीये. मशीन जिथं बसवलंय तिथली हवा ते मोजतं, त्याचीही सरासरी काढून. तुमच्या गल्लीच्या तोंडाला पहाटे सहाला पेटवलेल्या चिंध्यांचा धूर त्या मशीनला कसा दिसणार? पोराला मात्र दिसतो. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वरची त्यामानानं उबदार, मग खालची हवा वर जातच नाही, झाकण ठेवल्यासारखी अडकून बसते. तुम्ही गच्चीवरनं बघितलं असेल, धूर सरळ वर न जाता पत्र्याच्या उंचीवर आडवा पसरतो आणि तिथंच लोळत राहतो. ऊन चढल्यावर, नऊ-दहा वाजता, मग तो हलतो. म्हणून पोराचं खेळणं, सायकल, काय असेल ते डिसेंबर-जानेवारीत पहाटे नको, ऊन आल्यावर किंवा दुपारनंतर. घरातलं कोणी पहाटे फिरायला जात असेल तर त्यांनाही हेच सांगा, जरा उशिरा गेलं तर काही बिघडत नाही. पोरांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, वजनाच्या मानानं ती जास्त हवा आत घेतात, आणि फुप्फुसं अजून वाढतायत, विशीपर्यंत वाढत असतात.

सोलापूरची हवा खराब कशानं, तर मुख्य म्हणजे धूळ. पाऊस कमी, काळी माती, उकरून ठेवलेले रस्ते आणि त्यावरनं पळणाऱ्या गाड्या. त्यात डाईंगवाल्यांचे बॉयलर, गाळप हंगामात कारखान्यांची काजळी, ऊस तुटला की फडात जाळलेलं पाचट, तिकडं फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र. २०१९ च्या जानेवारीत केंद्रानं स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा सलग पाच वर्षं हवेच्या मर्यादेत न बसलेल्या शहरांची यादी काढली, त्यात सोलापूर आहे. आणि तुमच्या भावाला सांगा, पुणंही त्याच यादीत आहे. नागपूर, कोल्हापूर, नाशिक, सांगली, सगळे आहेत. चालते माग बंद करून, इथलं घर सोडून पुण्यात हायवेच्या कडेला वन बीएचके घ्यायचा आणि पोराला तिथली हवा द्यायची, यात मला काही शहाणपणा दिसत नाही. भावाचं प्रेम मान्य.

शहराची हवा तुमच्या हातात नाही, पण पोरगं चोवीस तासांतले निम्म्याहून जास्त तास ज्या हवेत असतं ती तुमच्या घरातली आणि गल्लीतली, आणि तिथं तुम्ही बरंच करू शकता. मला तर पत्र वाचताना सारखं वाटत होतं की तुम्ही मोबाइलमध्ये शहर बघताय आणि घरातलं राहून जातंय.

अंघोळीचं पाणी कशावर तापवता ते तुम्ही लिहिलं नाही. बंब असेल आणि त्यात लाकडाच्या ढलप्या, सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन, कधी प्लास्टिकची पिशवी असं जे हाताला येईल ते जात असेल (बऱ्याच मागवाल्या घरांत जातंच), तर तो धूर गल्लीतल्या धुरापेक्षा जवळचा आहे. बंब गॅलरीत किंवा गच्चीवर न्या, निदान त्यात पुठ्ठा-प्लास्टिक बंद करा, जमलं तर गॅसवर किंवा हीटरवर या. मग मच्छर अगरबत्ती. रात्री पोराच्या उशाशी कॉइल लावत असाल तर आजपासनं बंद. २००३ सालच्या एका संशोधनात एका कॉइलमधनं निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. दारं-खिडक्या बंद करून रात्रभर ते जळतं आणि आपण सकाळी विचारतो हवा कशी आहे. मच्छरदाणी लावा. देवापुढची उदबत्ती, धूप, सासूबाईंना बंद करा म्हणू नका, वाद नको, पण पोरगं झोपतं त्या खोलीत नको आणि खिडकी उघडी ठेवून.

खाली माग चालतात त्याचं. सुताचा बारीक भुसा उडतो, मिस्टरांच्या केसात, भुवईवर, बनियनवर पांढरा बसलेला असतो आणि तसंच वर येऊन पोराला उचलून घेतात, घेणारच की. खालीच एक जुना टॉवेल आणि दुसरा शर्ट ठेवा (टॉवेलाची काय कमी आहे तुमच्याकडं), तोंड-केस पुसून, कपडा बदलून वर यायचं. मागावर हवा मारून भुसा उडवायचं काम पोरगं शाळेत असताना. जिन्याचं दार लावलेलं असू द्या. आणि मिस्टरांनाच विचारा, सुट्टीनंतर कामाला बसल्यावर पहिल्या दिवशी छाती भरल्यासारखी होते का आणि नंतर कमी होते का. सुताच्या धुळीचा तसा एक आजार असतो, सूतगिरणीत जास्त दिसतो पण मागावरही होतो, आणि असलं काही जाणवत असेल तर तेही तपासून घ्या. गुळाचा खडा खाल्ला की पोटातनं धूळ निघून जाते असं मागवाले म्हणतात ना, ते खरं नाही हो. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात असते, दोन वेगळे रस्ते.

झाडताना कोरडा झाडू कमी, ओलं फडकं जास्त. हे लिहिताना मला माहितीये नळाला किती दिवसांनी पाणी येतं तुमच्याकडं, म्हणून रोज फरशी धुवा असं काही सांगत नाही, कपड्याचं शेवटचं खळबळलेलं पाणी बाजूला काढा, त्यात फडकं पिळून पोराच्या खोलीपुरतं पुसलं तरी पुष्कळ. गादी-गोधडी आठवड्यातनं एकदा कडक उन्हात. उन्हाला तरी आपल्याकडं कमी नाही.

प्युरिफायर वाईट नसतो, चांगला फिल्टर असला तर बंद खोलीतले कण खरंच कमी करतो. पण बंद खोली पाहिजे. खाली माग, वर उघडी खिडकी, जिन्यातनं येणारा भुसा, अशा घरात त्याचा फिल्टर बघता बघता भरणार आणि नवा फिल्टर काय स्वस्त येत नाही. आधी पंप नियमित, स्पेसर, कॉइल बंद, बंब बाहेर. एवढं करून एक-दोन महिने बघा, मग हप्ता भरायचा का ते ठरवा. कुंडीतली झाडं घेऊन हवा साफ होते असं कोणी सांगत असेल तर झाडं शोभेला घ्या. वाफारा दिला की नाक मोकळं होतं पण दमा जात नाही, आणि उकळत्या पातेल्यापाशी पोरगं वाकवून बसवू नका, भाजतं.

गल्लीतला कचरा. कोण जाळतंय ते तुम्हाला माहिती असणार. कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरमध्ये साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये दंड सांगितलाय. पण पहिल्याच दिवशी दंडाची भाषा केली तर गल्लीत राहणं अवघड होईल. बहुतेक वेळा घंटागाडी वेळेवर येत नाही, आली तर तेव्हा दुकान उघडलेलं नसतं, म्हणून काडी लावतात. शिलाईच्या कारखान्यातल्या चिंध्या असतील तर त्यात पॉलिस्टर असतं, म्हणजे प्लास्टिकच, त्याचा धूर साध्या पालापाचोळ्यापेक्षा घातक. त्या चिंध्या विकल्या जातात, पुसायच्या फडक्यांना, गाद्या-उशा भरायला घेणारे लोक आहेत, भंगारवाल्याला विचारा. मालकाला असं सांगा की भाऊ, जाळण्यापेक्षा चार पैसे येतील. माणसं पैशाचं लवकर ऐकतात. नाहीच ऐकलं तर तीन-चार दिवस वेळ दिसेल असे फोटो काढा, शेजारच्या दोन-चार घरांच्या सह्या घ्या आणि महापालिकेच्या झोन ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घेऊन. तोंडी तक्रार तोंडातच राहते. तुम्ही एकटीनं सही करू नका, लहान पोरं, म्हातारी माणसं प्रत्येक घरात आहेत.

गड्ड्याला न्या हो. सोलापुरातलं पोरगं आणि संक्रांतीला गड्डा नाही, हे काय बरोबर वाटत नाही मला. फक्त होम मैदानावर संध्याकाळी गर्दीत धूळ कशी उठते ते तुम्हाला सांगायला नको, पाळण्यापाशी तर दिव्याच्या उजेडात दिसते ती. दुपारी चारच्या सुमाराला जा, गर्दी व्हायच्या आत फिरून निघा. त्याआधी निदान महिनाभर रोजचा पंप चुकवलेला नको. त्रासाचा पंप आणि स्पेसर तुमच्या पर्समध्ये. एन ९५ मास्क लहान मापाचा मिळतो, नाकापाशी आणि गालापाशी फट राहिली नाही तरच त्याचा उपयोग, मोठ्यांचा मास्क दोरी गाठ मारून घातला की सगळी हवा कडेनं आत. स्कार्फ-रुमालानं जाडी धूळ थोडी अडते, बारीक कण नाही. मास्क लावून पळायला मात्र लावू नका. शोभेचं दारूकाम लांबनं बघू द्या, ज्या बाजूला धूर वाहतोय तिथं उभं राहू नका. एवढं केलं तर पाळण्यात बसू द्या की.

शाळेला कसा जातो तेही बघा. मेन रोडनं चालत जात असेल तर एक गल्ली आतनं न्या, जरा लांब पडलं तरी. गाड्यांचा धूर रस्त्याला लागून जास्त असतो आणि आत गेलं की कमी होत जातो. शाळेतल्या बाईंना दम्याचं सांगून ठेवा, पंप दप्तरात असू द्या आणि मैदान झाडत असतील तेव्हा याला बाजूला बसवायला सांगा.

आता सासूबाई. पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलंत, "खोकला त्यांनाही आहे दोन-तीन महिने पण तो वयाचा." वयाचा खोकला असा काही आजार नसतो. आयुष्यभर सुपात तंबाखू घेऊन बसायचं, त्याची धूळ नाकात, आणि आधीच्या काळी चुलीचा धूर असेल तर तोही, त्यानं फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आकसतात, बिडी न ओढणाऱ्या बायकांनाही होतं हे. त्याला फुंकून बघायची एक तपासणी असते, पोराची करताना त्यांचीही करा. पण त्याच्याही आधी बेडका तपासा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबी नाही ना हे बघायचंच असतं, आणि त्याच घरात दमा असलेलं नऊ वर्षांचं पोरगं असताना तर थांबूच नका. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा सिव्हिलला फुकट होतं, औषधंही फुकट. वजन उतरलंय का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, बेडक्यात रक्त दिसलं का, हे विचारून घ्या. तोवर पोरगं त्यांच्याजवळ झोपत असेल तर वेगळी गादी घाला, आणि बिड्या वळायचं सूप झोपायच्या खोलीतनं गॅलरीत हलवा, काम झालं की तंबाखू डब्यात झाकून.

त्या "मला काय झालंय" म्हणणार. तुम्ही त्यांना तपासायला चला असं म्हणूच नका, नातवाला डॉक्टरांकडं न्यायचंय, सोबत चला म्हणा, आणि तिथं डॉक्टरांनाच सांगू द्या. पंपाचंही डॉक्टरांच्या तोंडनं ऐकलं तर सुनेचं ऐकल्यासारखं होत नाही त्यांना. बेडक्यासाठीची डबी आदल्या दिवशी आणून ठेवा, सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, खोल खोकून आलेला बेडका लागतो, नुसती थुंकी चालत नाही. रिपोर्ट काय आला ते कळवा.